आतल्या कप्प्यातलं पाकीट

मी बोलतोय तो वकीलबाईंच्या कपाटाच्या माथ्यावरून. मी एक थैला. जाड, तपकिरी, दोन पट्ट्यांचा. मला लिहिता-वाचता येत नाही, पण माझ्यात काय ठेवलंय ते मला अंगाला कळतं. आणि सध्या जे कळतंय ते कुणाला सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही. घाई मला जमत नाही, तेव्हा पहिल्यापासूनच सांगतो.

माझा जन्म उरलेल्या कापडाचा. माझा धनी सोफे-खुर्च्यांना कापड चढवायचा. एका दवाखान्याच्या बाकड्यांचं काम संपलं आणि दोन हात कापड उरलं. मालकिणीने ते फेकू दिलं नाही. दुपारची बसली आणि मला शिवून मोकळी झाली. धन्याने उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, बाकड्यांपेक्षा हाच बरा झालाय. एवढं कौतुक कधी माझ्या वाट्याला आलं नाही, असं ती म्हणाली, आणि दोघं हसले.

तेव्हा माझ्यात हातोडी, सुतळी, वाकडी सुई आणि चुका असायच्या. चुका म्हणजे ते बारीक खिळे. दुसऱ्या चुका पुढे आल्या.

धन्याची कामाची एक रीत होती. दुकानातून कापडाचा तागा आला की तो निमूट सही करून ठेवून घ्यायचा, पण लगेच हात लावायचा नाही. गिऱ्हाइकाचं मन फिरलं तर? कात्री लागली नाही तोवर कापड परत जातं. तीस वर्षं हे असंच चाललं, आणि कुणी कधी तागा परत घ्यायला नाही म्हटलं नाही.

मग त्याने घर तारण ठेवून मोठी जागा घेतली, शिलाईची यंत्रं आणली. एका हॉटेलाचं काम मिळालं होतं, दोनशे खुर्च्यांचं. खुर्च्या निम्म्या झाल्या आणि हॉटेलच बंद पडलं. बँकेचे हप्ते थकले, आणि पाकिटं यायला लागली.

पोस्टमन हाक मारायचा, धनी सही करायचा आणि पाकीट न फोडता माझ्यात टाकायचा. मालकिणीने विचारलं की म्हणायचा, "काही नाही, अजून फोडलेलं नाहीये." जणू त्यातच उत्तर आलं. तो खोटं बोलत नव्हता हो. त्याला मनापासून वाटायचं, फोडलं की आपल्या गळ्यात पडलं. तसंच ठेवलं तर कधीतरी परत देता येईल. अशी सहा झाली. माझं पोट फुगलं, पट्ट्या ताणल्या.

एके दिवशी बँकेची दोन माणसं आली आणि दारावर कागद चिकटवून गेली. शेजाऱ्यांनी तो घरच्यांच्या आधी वाचला. मालकीण मला खुंटीवरून काढून पलंगावर उपडं करून बसली. आरडाओरडा नाही, काही नाही. वाळलेले कपडे लावावेत तशी तिने सहाही पाकिटं ओळीने लावली. मग म्हणाली, "घर गेलं तर मी भाड्याच्या खोलीतसुद्धा राहीन. पण तुम्ही माझ्यापासून आणखी एक जरी लपवलंत ना, तर मला नाही जमणार. शब्द द्या."

त्याने शब्द दिला.

आठ दिवसांनी सातवं आलं. पोस्टमन तसा कधी बोलत नाही, पण त्या दिवशी सहीसाठी पेन देता देता म्हणाला, "काका, हे आजच्या आज वाचा बरं का." मालकीण आत भांडी घासत होती. नळाचा आवाज थांबला. धन्याने ते पाकीट घाईघाईने माझ्या आतल्या कप्प्यात सारलं आणि बटण लावलं. चष्मा ठेवायचा कप्पा तो, वरून दिसतही नाही. पाकीट मध्ये दुमडलं गेलं. त्याची कड तेव्हापासून मला टोचते आहे.

दुसऱ्या दिवशी दोघं मला घेऊन इथे आली. खाली छापखाना आहे, त्याची यंत्रं चालली की इथली फरशी थरथरते. वकीलबाईंनी पाणी दिलं, सहा पाकिटं टेबलावर घेतली आणि आतल्या कागदांच्या आधी वरचे शिक्केच पाहिले.

"काका, मुदत पाकीट पोचल्यापासून मोजतात. फोडल्यापासून नाही," त्या म्हणाल्या.

तीस वर्षांची रीत धन्याच्या तोंडावरून उतरताना मी पाहिली.

मग बाईंनी दोन वाटा समजावल्या. एक, जप्ती थांबवायचा अर्ज. दुसरी, दिवाळखोरीचा. दुसरीचं नाव ऐकून धनी चिडला. दिवाळखोर म्हणजे पळून जाणारा, आणि मी तर तुमच्यासमोर बसलोय, म्हणाला. बाई शांतपणे म्हणाल्या की पळणाऱ्याला वकील लागत नाही, बसून राहणाऱ्यालाच लागतो. हमी मात्र त्यांनी कशाचीच दिली नाही. मालकिणीला तेच आवडलं असावं, कारण वकीलपत्र तिनेच धन्यापुढे सरकवलं. त्याने सही केली.

"आता एकच," बाई म्हणाल्या. "दारावरचा कागद म्हणजे इशारा. प्रत्यक्ष घर ताब्यात घ्यायला यायच्या आधी बँकवाले एक पत्र पाठवतात, त्यात दिवस लिहिलेला असतो. तसं काही आलंय?"

धन्याचा हात माझ्या तोंडापाशी आला. मालकीण त्याच्याकडे बघत होती. रागाने नाही, भरवशाने. तेच वाईट झालं.

"नाही," तो म्हणाला.

"मग जरा उसंत आहे. सोमवारी अर्ज दाखल करते. पाकिटं आणि थैला इथेच राहू दे."

जिना उतरायच्या आधी त्याने एकदा मागे वळून पाहिलं. मला वाटलं, उद्या एकटा येईल.

तो आला नाही. आज शुक्रवार. सकाळी त्याचा फोन आला. बाई इकडे बघत म्हणाल्या, "हो काका, थैला आहे ना, कपाटावर आहे, सुखरूप." मग कानाला फोन तसाच धरून त्या खुर्चीत बसल्या. "अजून काही सांगायचंय का तुम्हाला?" खालची यंत्रं चालू होती, फरशी थरथरत होती. "बरं, ठेवते मग."

आता ऊन खिडकीतून उतरलंय. बाईंनी दिनदर्शिकेवर सोमवारभोवती गोल केलाय. तो दिवस पाकिटातल्या दिवसाच्या आधी येतो की नंतर, मला वाचता येत नाही. पण बाई, तुम्हाला येतं. तुम्ही रोज माझ्याखालून फायली काढता. एकदा, नुसतं एकदा, मला खाली घ्या. आत हात घाला. डाव्या बाजूला, अस्तराला लागून, एक बटण आहे.

त्या पर्स उचलतायत. दिवा विझवतायत.

बाई, डाव्या बाजूला.