उघडली: चौदा मार्च

उब्बोने बाटलीचं झाकण फिरवलं, नाक जवळ नेलं आणि तोंड वाकडं केलं.

"नासलं हे. ओत."

हेन्रिकेने ती सिंकमध्ये ओतली. घाण वास स्वयंपाकघरभर पसरला, पण तिने खिडकी उघडली नाही.

तिचा नवरा हायो जाऊन सात आठवडे झाले होते. त्याची प्रवाळांची टाकी बाहेरच्या खोलीत अजून निळी उजळत होती. आज तिच्यातलं सगळं उब्बो बादल्यांत भरून नेणार होता. लेअर गावच्या मत्स्यालय मंडळात तो आणि हायो वीस वर्षं बरोबर होते, आणि सात आठवडे तोच येऊन टाकी सांभाळत होता. "घेऊन जा बाबा सगळं," असं फोनवर सांगताना हेन्रिकेला काहीच वाटलं नव्हतं. आताही वाटत नव्हतं.

कॅल्शियमची पावडर दमट हवेने दगड झाली होती. उब्बोने डबा हलवून पाहिला.

"ही चालेल, फोडून घेतली की झालं. क्षार टिकतात गं. नखरे असतात ते या जीवनसत्त्वांचे आणि अमिनो आम्लांचे. उघडल्यापासून सहा महिने, मग खेळ खलास."

म्हणून तर हायो प्रवाळांच्या खुराकाच्या प्रत्येक बाटलीवर कागदी चिकटपट्टी लावून उघडल्याची तारीख लिहायचा. स्वतःच्या ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळीही तो हेच करत बसला होता. हेन्रिके चहा घेऊन समोर बसली. तिसरा कप झाला, गरम चहातली खडीसाखर तडतडून विरघळली, पण हा पठ्ठ्या पट्ट्या कापतोय. आपण परत येणार नाही हे त्याला कळलं होतं, आणि निरोप घ्यावा लागू नये म्हणून त्याने बाटल्यांत डोकं खुपसलं, असं तिने तेव्हापासून धरून ठेवलं होतं. त्या रागापायी तिला रडूही आलं नव्हतं.

"फ्रिजमध्ये आहे का काही?"

लोण्याच्या डब्यामागे एक बाटली निघाली. उब्बोने ती उजेडात धरली, उलटी करून पुन्हा पाहिली.

"अरेच्चा! पट्टीवर लिहिलंय, 'उघडली: चौदा मार्च'. आणि सील तर शाबूत आहे. हायोसारखा काटेकोर माणूस, आणि न उघडताच तारीख घालतो?"

नऊ मार्चला हायोला ऑपरेशनसाठी आत नेलं होतं, तो शुद्धीवर आलाच नाही.

"चौदाला त्याला घरी सोडणार होते," हेन्रिके म्हणाली.

उब्बोने पट्टी पुन्हा एकदा वाचली.

"बंद आहे, म्हणजे वर्षभर चांगली राहील. ही पण नेऊ?"

तिने हात पुढे केला. बाटली गार होती. पट्टीवरून तिने अंगठा फिरवला, झाकण पिळलं, सील कट्‌कन तुटलं. तिचे डोळे भरून आले, आणि तिने ते पुसले नाहीत.

"किती थेंब घालायचे?"

"सहा. पण आधी ती पट्टी काढ. आजची तारीख घाल, नाहीतर हिशेब चुकेल."

"चुकू दे."

ती बाहेरच्या खोलीत गेली. उब्बोने रिकाम्याच बादल्या परत न्यायला एकात एक घातल्या.