डाव्या डोळ्याचं पाणी

घड्याळजीचा हात हलका, हे अख्ख्या बाजाराला ठाऊक होतं. तांदळाच्या कणीएवढा स्क्रू तो चिमट्याने उचलायचा तेव्हा गिऱ्हाईकच श्वास रोखून धरायचं. म्हणूनच लेकीचे डोळे दाबायचं काम बायकोने बिनधास्त त्याच्यावर सोपवलं.

ठकीच्या दोन्ही डोळ्यांतून जन्मापासून पाणी गळायचं. सकाळी पापण्या चिपडांनी चिकटलेल्या असायच्या. डोळ्यातलं पाणी नाकात उतरवणारी नळी खाली बंद आहे, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. डोळ्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवून नाकाच्या कडेने खाली दाबत आणायचं, दहा वेळा, दिवसातून चारदा. बहुतेक मुलांची नळी वर्षाच्या आत मोकळी होते. नाहीच झाली तर भूल देऊन आत बारीक सळई घालायची. भूल द्यायची वेळच येऊ द्यायची नाही, असं घड्याळजीने ठरवलं. त्याने एक पाळी चुकवली नाही. दुपारी दुकानाचं शटर ओढून घरी पळायचा. ठकी त्याच्या बोटाखाली चक्क झोपी जायची, आणि हे महाशय बायकोकडे बघून मिशीत हसायचे.

वर्ष झालं. पाणी आपलं गळतंय ते गळतंयच.

"कसं दाबता ते माझ्या बोटावर दाखवा बघू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

त्याने दाखवलं.

"अहो, हे तर कुरवाळणं झालं! जोर लागतो याला. मूल रडतं."

त्याला मेलं रडवणंच जमलं नव्हतं. जोर लावला की वस्तू मोडते, एवढंच त्याच्या बोटांना जन्मभर माहीत.

दोघं घरी आली. दारात चप्पल काढताना बायको म्हणाली, "भांडी घासते तसे मीच डोळे दाबले असते हो."

ऑपरेशनच्या दिवशी उपाशी ठकी दुधासाठी रडत होती. नर्सने तिला उचलून आत नेलं आणि दार लागलं. बाहेरच्या भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं मागे होतं. पण ते नीट लावायलाही त्याला उठवेना.

"उजवीकडे पातळ पडदा होता, तो सुटला," डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या. "डावीकडे मात्र नळीच पुढे नाही, हाड लागतंय. तीन-चार वर्षांनी मोठं ऑपरेशन करून वाट काढावी लागेल."

"मी नीट दाबलं असतं तर?"

"डाव्याला काही फरक पडला नसता."

"आणि उजव्याला?"

"तो कदाचित सुटला असता. पण डावा आता रोज दाबा. जोरात. नळी उघडणार नाही, पण साचलेला पू निघून जाईल."

आता घड्याळजी हात धुवायला लागला की ठकी पलंगाखाली शिरते. तो तिला ओढून काढतो, डोकं कोपरात घट्ट धरतो आणि दाबतो. बायको "द्या, मी करते" म्हणते, तर तो देत नाही. आपल्या चुकीचं आपणच निस्तरावं, असं त्याच्या डोक्यात बसलंय. ठकीला बोलायला येऊ लागलंय. "आई" येतं, "पाणी" येतं आणि "नको" येतं. "नको" ती फक्त बापाला म्हणते.

"झालं गं, झालं," म्हणत तो मोजत राहतो. सातआठपर्यंत त्याचेही डोळे वाहायला लागतात, पण दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळे ते पुसता येत नाहीत.