शिंपीकाकांचा पट्टा आणि मी

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. ज्या वर्षी सिस्टरबाईंना जुळी झाली, त्या वर्षी मी या वॉर्डात आलो. आज ती जुळी कॉलेजात जातात आणि माझा रंग उडाला आहे.

कॅन्सर अंगात पसरलेल्या माणसांना इथे दोन औषधे एकत्र देऊन पाहत. एकटे औषध पुरे पडत नव्हते. दोन्ही मिळून किती गुण येतो आणि अंगाला किती सोसते, हे शोधायचे होते. डोस ठरे उंचीवर आणि माझ्या आकड्यावर. वजन फारच उतरले, तर त्या माणसाची चाचणी थांबवत.

शिंपीकाकांना तीच धास्ती होती. पुढच्या वर्षी नात शाळेत जाणार होती. तिचा पहिला गणवेश त्यांना स्वतः शिवायचा होता. चौथ्या खेपेला ते माझ्यावर चढले, तेव्हा गाल पार आत गेले होते, पण आकडा तसूभर हलला नव्हता. मला वजन कळते, कशाचे ते कळत नाही. मी बापडा आकडा दाखवून मोकळा झालो.

"काका, आज खुळखुळताय," सिस्टरबाई म्हणाल्या.

"हाडं वाजतात, ताई. वय झालं."

"हाडं कसली," सोबत आलेल्या काकू म्हणाल्या. "काल दिवसभर मशीनवर बसले होते. मला वाटलं, नातीचं शिवताहेत."

सदरा वर केला तर कमरेला कापडी पट्टा. त्यात शिलाई मशीनचे जुने लोखंडी भाग, एकेक आपापल्या कप्प्यात, सुबक टाके घालून. दोन किलो.

डॉक्टरीणबाई शेजारी बसल्या. "काका, या लोखंडाच्या वजनाचंही औषध तुमच्या अंगात गेलं असतं. आणि तुमच्यामागून येणाऱ्यांसाठी आम्ही लिहितोय ते खोटं ठरलं असतं. गिऱ्हाइकाचं माप कधी चुकीचं लिहिलंत?"

काका पट्टा सोडत म्हणाले, "घ्या, नीट मोजा."

खरा आकडा हद्दीच्या आत निघाला, जेमतेम अर्ध्या किलोने. डोस कमी केला, चाचणी चालू राहिली. पुढे दर खेपेला काकू म्हणत, "आधी खिसे दाखवा." गाठी काही महिने आक्रसल्या. गणवेश शिवून झाला. नात तो घालून माझ्यावर उभी राहिली. सतरा किलो.

पट्टा इथेच राहिला. दर सोमवारी सिस्टरबाई तो माझ्यावर ठेवतात. दोन किलो दाखवले, की मी ठीक. मित्रांनो, शेजारी आता नवा काटा आला आहे. त्यालाही असेच जपा, आणि त्याच्यावर चढताना खिसे रिकामे करा. तुमच्या आकड्यावर दुसऱ्या कुणाचे तरी औषध ठरते.

नात दुसरीत गेली त्या वर्षी, शाळेच्या पहिल्याच आठवड्यात, मंगळवारी सकाळी शिंपीकाका वारले.