सामनेवाल्याला ग्रुपमधून काढलं

माझ्या थोरल्याला, नितेशला, माणसं पुसायची सवय लागली. उजव्या हाताने भात कालवतोय, डाव्या हातात मोबाईल, आणि मध्येच अंगठा फिरवून म्हणणार, "काढला एकाला." जसा ढेकूण चिरडला. मी कितीदा म्हटलं, अरे मेल्या, तो माणूस आहे, तिकडे भांडुपला नाहीतर कांदिवलीला त्याच्या बायकोपोरांत बसलाय, त्याला काय वाटलं असेल? तर मला म्हणतो, "आये, तुला नाही कळत. ग्रुप स्वच्छ ठेवावा लागतो."

मला नाही कळत. असल्फ्याच्या या डोंगरावर गिरणीवाल्यांची खानावळ मी चालवली, नवरा संपात बसला तेव्हा चूल माझ्यावर होती. त्या पंगतीत एक जण रोज तोंड वाकडं करायचा, आमटी खारट, भाकरी कच्ची. बाकीचे म्हणायचे, काकी, हाकला याला. मी नाही हाकलला. गुपचूप जेवून जाणारे पुढच्या महिन्यात दुसऱ्या खानावळीत दिसायचे, हा मात्र पैसे देऊन, शिव्या देऊन माझ्याकडेच जेवायचा. त्याच्या तोंडाकडे बघून मी मीठ घालायला शिकले. पण हे लेथवर काम करणाऱ्या शहाण्याला कोण सांगणार.

ग्रुप माझ्या धाकट्याचा, जयवंताचा. म्हणजे त्याच्या नावाचा. जयवंत भजनी बुवा, डबलबारीचा. कोकणातल्या माणसाला डबलबारी सांगायला नको, पण इतरांसाठी सांगते. दोन बुवा समोरासमोर पेटी घेऊन बसतात, दोघांची आपापली मंडळी, पखवाज, झांजा, कोरस. एकाची बारी झाली की दुसऱ्याने त्याला गाण्यातून उत्तर द्यायचं. अभंग झाला, गौळण झाली, की शेवटी गजराला सामनेवाल्याला टोमणे. त्याच्या टकलावरून, पोटावरून, मागल्या वर्षी कुठे अडखळला त्यावरून. लोक हसून आडवे होतात. त्यात मनाला लावून घ्यायचं नसतं, तो खेळच तसा.

जयवंत पालिकेच्या शाळेत शिपाई, पण शनिवार-रविवार अंगात झब्बा चढला की त्याच्यासमोर मुख्याध्यापकसुद्धा मांडी घालून बसलेले मी पाहिलेत. आवाज असा, की वरच्या पट्टीत गेला की मंडपातली मागची माणसं उभी राहायची. माझ्या पोटचा म्हणून नाही सांगत. माझ्या पोटचा दुसराही आहे, त्याचा आवाज फाटका आहे, ते पण सांगतेच.

एकदा मुलुंडला मैदानात बारी झाली आणि दुसऱ्या दिवशी मोबाईलवर दोन्हीकडच्या चाहत्यांनी एकमेकांच्या आयाबहिणी काढल्या. पुढच्या बारीला त्यावरून खुर्च्या उडाल्या. तेव्हा नितेशने हा ग्रुप काढला, जयवंत बुवा चाहते परिवार. शिवी नको, राजकारण नको, सामनेवाल्या बुवाच्या घरच्यांचं नाव नको. चांगलं केलं. मी स्वतः त्याची पाठ थोपटली. हजारभर माणसं आली, बायका आल्या, कारण घाण नव्हती. अमेरिकेतली कोण एक मालवणची बाई तिकडून मोदकांचे फोटो पाठवायची.

मग एकाने लिहिलं, परवा माईक खराब होता, बुवा ऐकू आले नाहीत. त्याला काढला. दुसरा म्हणाला, गौळण जुनीच झाली, नवी बांधा. त्यालाही काढला. मी म्हटलं, "अरे यात शिवी कुठे आहे?"

"शिवी नाही गं आये, पण जयवंत खट्टू होतो. बारीहून येतो आणि आधी ग्रुप वाचतो. एक जरी वाकडं दिसलं तरी जेवत नाही. आपल्या घरात आपल्या माणसाला कशाला खाली पाडायचं?"

भावावर जीव होता त्याचा. साकीनाक्याच्या गाळ्यात आठ तास लोखंड कापून हा घरी यायचा आणि भावाची पेटी खांद्यावर घेऊन टेम्पोत चढायचा.

मागच्या पावसाळ्यात जयवंताचा आवाज थोडा जड झाला. गरम पाणी प्यायचा, हळदीच्या गुळण्या करायचा. बाजूच्या डॉक्टरने पित्ताच्या गोळ्या दिल्या. त्याची बायको अक्षता म्हणाली, "अहो, मोठ्या डॉक्टरला दाखवूया ना." तो मोबाईल तिच्यापुढे धरून म्हणाला, "हे बघ. काल एवढी माणसं ऐकायला होती. झकास, झकास, झकास. काही बिघडलं असतं तर एक तरी बोललं नसतं का?"

मी तिथेच तांदूळ निवडत होते. मलाही ते पटलं. एवढे कान असताना कोणालाच कळलं नसतं का.

शिमग्याला थुंकीत रक्त आलं. मोठ्या इस्पितळात नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टर बाईने फोटो बघितले आणि म्हणाली, गणपतीच्या सुमारास आला असतात तर नुसती लाईट, म्हणजे कॅन्सरवरचा शेक, देऊन भागलं असतं, आवाजही राहिला असता. आता जीव वाचवायचा तर स्वरपेटी काढावी लागेल. तिने काही लपवलं नाही, तिचा मला राग नाही. जयवंताने तिथेच सही केली. मग अक्षताला म्हणाला, "जरा बाहेर चल." बाहेर जिन्यात जाऊन तिला एक अख्खा अभंग म्हणून दाखवला, हळू. मी पायरीवर बसले होते. आवाज फाटत होता. मी ऐकलेलं त्याचं ते शेवटचं गाणं.

आता घशाला भोक आहे, त्यातून श्वास घेतो. पाणी हवं असलं की मांडीवर थाप मारतो. अक्षता स्वयंपाक करताना त्याची जुनी बारी लावते, बारीक आवाजात, आणि तो आत आला की बंद करते. एकदा त्याने हाताने खूण केली, लाव. तिने लावली. तो ऐकत उभा राहिला, दाराला धरून, आणि ती खाली मान घालून कांदा चिरत राहिली. मी उठून बाहेर गेले. मला कोणासमोर रडायला आवडत नाही.

आणि हा नितेश. ग्रुपवर लिहून मोकळा, बुवांच्या घशाला विश्रांती आहे. रोज एक जुनी बारी टाकतो, वर हात जोडलेलं चित्र. कोणी विचारलं, बुवा पुन्हा कधी बसणार, की पूस. कोणी म्हटलं, ऐकलं ते खरं का, की माणूसच काढ. मी म्हटलं, "सांग ना लोकांना." म्हणाला, "लोकांची मनं मोडतील." लोकांची. घरात कोणाचं काय मोडलंय ते ह्याला दिसत नव्हतं असं नाही, पण मोबाईलमध्ये अजून जयवंत गात होता, आणि हा तिथेच राहायला गेला होता.

श्रावणात एका रविवारी कुंडलिक बुवा आला. बोरिवलीचा. जयवंताचा सगळ्यात जुना सामनेवाला, वयाने दहाएक वर्षांनी मोठा, पोट सुटलेलं, पानाने दात रंगलेले. जयवंताच्या पखवाजवाल्याकडून त्याला कळलं. मोसंब्यांची पिशवी घेऊन डोंगर चढून आला, उंबऱ्यात धापा टाकत उभा राहिला आणि पहिलं वाक्य काय, तर, "काय बुवा, माझ्यासमोर बसायला घाबरलात म्हणून एवढं मोठं निमित्त काढलंत?"

अक्षता दचकली. पण जयवंताचे खांदे हलायला लागले. हसत होता. इस्पितळातून आल्यापासून पहिल्यांदा. जो येतो तो त्याच्याशी मोठ्याने बोलतो, जसं काही बहिरा झालाय, नाहीतर डोळे पुसतो. हा बाजूला येऊन बसला, त्याच्या मांडीवर थाप मारली आणि म्हणाला, "आता मी दोन तास टोमणे मारतो, तुला उत्तर देता येणार नाही. आयुष्यात अशी बारी मिळाली नव्हती." जयवंताने त्याच्या पोटाकडे बोट दाखवून दोन्ही हातांनी हंडा केला. "हां, हे उत्तर झालं," कुंडलिक म्हणाला. "जुनं आहे पण चालेल."

चहा झाला. मला राहवलं नाही. माझी जीभ मला माहीत आहे, ती आधी चालते. मी म्हटलं, "कुंडलिका, हजार लोकांना सोड, ते टाळ्या वाजवायला येतात. तू तर समोर बसायचास. शब्दन् शब्द ऐकायचास, उत्तर द्यायचं म्हणून. तुझ्या कानाला काही लागलं नाही?"

त्याने कप खाली ठेवला.

"काकी, मी सांगितलं होतं की."

"कोणाला?"

"ग्रुपवर, मीही होतो त्यात. गेल्या गणपतीच्या आधी, आमची बारी झाली त्यानंतर. लिहिलं नव्हतं, बोलून टाकलं होतं. म्हटलं, जयवंता, हा टोमणा नाही. अंतऱ्याला वर जाताना तू मान एका बाजूला टाकतोस. गौळणीत दोनदा शब्द गिळलास. पाणी प्यायलास तेव्हा डोळे मिटलेस. माझ्या बापाचं असंच सुरू झालं होतं. घसा दाखव, आणि मोठ्या डॉक्टरला दाखव."

आत भाजीत डाव फिरत होता, तो थांबला.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, दहा मिनिटांत ते पुसलं आणि मला काढलं. मला वाटलं, बुवांना राग आला. दसऱ्याला आमचा सामना ठरला होता. परत फोन करून तेच सांगायचं, तर सगळे म्हणणार हा सामन्याआधी घाबरवतोय. मी पण मग जरा फुगून बसलो, काकी, खोटं कशाला बोलू. दसऱ्याच्या बारीला तुमचा नितेश माझ्याशी धड बोलला पण नाही."

जयवंताने मोबाईल घेतला, काहीतरी लिहिलं आणि बाहेर आलेल्या अक्षताला दिला. तिने वाचलं, "मी हे ऐकलंच नाही."

कुंडलिकने तोंडावर हात ठेवला.

तेवढ्यात नितेश आला. रविवारीही गाळ्यावर जास्तीचं काम होतं. हेल्मेट हातात, अंगाला ऑईलचा वास. कुंडलिकला बघून हसला, "या या बुवा, कधी आलात?" त्याने सगळ्यांच्या तोंडाकडे एकेक करून बघितलं आणि त्याला कळलं. माझ्या पोराला मी ओळखते, त्याला लगेच कळलं.

"आये, तेव्हा सामना जवळ आला होता," तो म्हणाला.

"न ऐकताच काढलास की ऐकून?"

तो हेल्मेटच्या पट्ट्याशी खेळत राहिला.

"मी काय विचारते?"

"ऐकून. पूर्ण ऐकलं मी. मला वाटलं, गजर आधीच सुरू केला यांनी. आपल्या बुवाच्या मनात शंका घालायची म्हणून. आये, डबलबारीत असं करतात लोक. तुला माहीत आहे."

"असं करतात," कुंडलिक खाली बघून म्हणाला. "मी पण केलंय." त्याला नितेशची बाजू घ्यायची होती, मोठ्या मनाचा माणूस, पण ते ऐकून नितेश आणखीच खाली गेला.

जयवंत उभा राहिला. भावाजवळ गेला. त्याने तोंड उघडलं, ओठ हलवले, जसं आपण कोणालाही हाक मारतो तसं. विसरला होता. घशाच्या भोकातून नुसती हवा आली, फुस्स. त्याच्याही ते लक्षात आलं आणि त्याने ओठ मिटले. पण मी आई आहे, मी ओठ वाचले. दादा म्हणाला. त्यापुढे काय म्हणायचं होतं ते त्याने मोबाईलवरही लिहिलं नाही. आत जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.

कुंडलिक निघाला. अक्षता त्याला वळणापर्यंत सोडायला गेली. नितेश दाराशी उकिडवा बसला आणि त्याने मोबाईल काढला.

"बंद करतो," म्हणाला. "ग्रुपच बंद करतो. आत्ता सगळं पुसून टाकतो. मला नको काही."

मी म्हटलं, "हात खाली ठेव. ऐक, नितेश, एकदाच बोलते. भावाचं वाईट व्हावं असं तुझ्या मनात होतं असं मी मरेपर्यंत म्हणणार नाही, आणि दुसऱ्या कोणी म्हटलं तर त्याची जीभ त्याच्या हातात देईन. पण ज्याने खरं सांगितलं त्याला तू बाहेर काढलंस, आणि वाहवा करणाऱ्यांना पाटावर बसवलंस. याची माफी माझ्याजवळ नाही. ती जयवंताकडे माग. त्याने नाही दिली, तर का म्हणून विचारायचं नाही. आणि ग्रुप बंद करून तुला सुटता येणार नाही. आधी कुंडलिकला परत आत घे. मग सगळ्यांना सांग, बुवा आता गाणार नाही, आणि सांग, कुंडलिक काय बोलला होता आणि तू काय केलंस. लिहायचं नाही, तोंडाने बोलायचं. तुझं तोंड शाबूत आहे. मग लोक बोलतील. तुला शिव्या घालतील, माझ्यावरून घालतील. त्यातला एक शब्द पुसायचा नाही. इथे बसायचं, माझ्यासमोर, आणि शेवटच्या माणसापर्यंत ऐकायचं."