वाटेवरचा खांब

"हा खांब इथं नाय बसणार," असं म्हणून भीमाबाईनं चपला काढल्या आणि ती सरळ खड्ड्यात उतरली.

खड्डा गुडघाभर होता. पहार धरलेला मजूर बाजूला झाला आणि मालकाकडं बघू लागला. मालक म्हणजे भीमाबाईचाच मुलगा, बुद्धभूषण. कल्याणला एका कारखान्यात सुपरवायझर होता. कुंपणाच्या कामासाठी रजा टाकून खर्डीजवळच्या या शेतावर आला होता.

"आय, तमाशा करू नको. वर ये."

"वाट सोड, मग येते."

जुनं कुंपण निरगुडीचं आणि बांबूच्या काट्यांचं होतं. ते कुजलं होतं, शेरडं आत शिरून भेंडी खात होती. नवं कुंपण घाल म्हणून भीमाबाईनंच मुलाच्या मागं लकडा लावला होता. सिमेंटचे खांब आले तेव्हा तिला बरंच वाटलं. पण आज ती बाजारातून परतली तर विहिरीकडं येणाऱ्या पायवाटेवरच खड्डा! वरच्या कातकरी वाडीतल्या बाया उन्हाळाभर याच वाटेनं पाण्याला यायच्या.

"विहिरीवरच्या मोटारीची केबल कुणी नेली मग?" बुद्धभूषण म्हणाला.

"वाडीतल्यांनी नेताना तू बघितलंस?"

"बघायला कशाला पायजे? इथनं दुसरं कोण येतं?"

भीमाबाईची कानशिलं तापली.

"गावच्या विहिरीवर आमाला चढू देत नव्हते, तवा त्यांनाबी काय बघायला लागत नव्हतं. हंडा घेऊन मी खाली उभी रहायची. कुणी वरनं ओतलं तर ओतलं. म्हणून तुझ्या बापानं ही विहीर खणली. पाट्या उचलायला कोण आलं? वाडीतली सकू नि तिचा नवरा मंगळू. आपल्यातलं एक माणूस फिरकलं नाय."

"ते तवाचं झालं, आय. आता जमीन माझ्या नावावर हाय."

त्यानं आवाज चढवला नव्हता, पण मजुरानं मान खाली घातली. नवरा, बारकू, गेल्यावर भीमाबाईनंच तलाठ्याकडं जाऊन आपला हक्क सोडला होता. लेकाचं नाव लागलं की झालं, असं तिला वाटलं होतं.

तिनं खड्ड्यातली ओंजळभर माती उचलली आणि मुलाच्या अंगावर फेकली. लहानपणीसुद्धा तिनं त्याच्यावर कधी हात उगारला नव्हता.

"घाल खांब! माझ्या पायांवर घाल!"

बुद्धभूषण शर्ट झटकत राहिला. मग मजुराला म्हणाला, "सोड ते. बाकीचं उरक."

बाकीच्या सगळ्या खांबांना तार ओढली गेली, तेवढीच वाट उघडी राहिली. बुद्धभूषण न जेवता कल्याणला निघून गेला.

पण भांडण चाललं असताना सकुबाई रिकामा हंडा घेऊन वाटेवर आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती तेव्हाच मागं वळली होती.

"सकू, अगो थांब!" भीमाबाईनं खड्ड्यातूनच हाक मारली होती. सकुबाई थांबली नव्हती.

त्यानंतर वाडीतलं कुणीच पाण्याला आलं नाही. भीमाबाईनं आठवडाभर वाट बघितली. मग तिचा राग सकुबाईकडं वळला. हिच्यापायी मी पोटच्या पोराशी भांडले, आणि ही माझ्यावरच रुसून बसते? भर उन्हात ती तावातावानं वाडीवर चढली.

सकुबाई झोपडीच्या दारात सुपात नाचणी पाखडत होती.

"पाण्याला का नाय येत गो? वाट उघडी हाय."

"हाय ना. पन आमी चोर हाव."

"मी बोलले का तसं?"

"तू नाय बोललीस, बाय." सकुबाईनं सूप खाली ठेवलं. "पन आता तिथं हंडा भरताना मला सारखं वाटंल, कोन तरी बघतंय. तसलं पानी नको मला."

"मग भरता कुठनं?"

"ओढ्याच्या वाळूत झिरा खणलाय. पाझरंल तेवढं वाटीवाटीनं भरतो."

वाट चढताना भीमाबाईनं खूप बोलायचं ठरवलं होतं. आता ती मटकन दारात बसली.

सकुबाई आत गेली आणि तांब्या घेऊन आली. तिनं तो पुढं केला, आणि हात जरा मागं घेतला.

"गढूळ हाय गो. चालंल ना तुला?"

भीमाबाईनं दोन्ही हातांनी तांब्या ओढून घेतला, ओठांना लावला आणि पाणी पीत राहिली. तळाशी वाळू होती. ती दाताखाली कचकचली, तरी तिनं तांब्या खाली ठेवला नाही.