घोंगड्यांची खोली

मला आता बारीक आवाज ऐकू येत नाहीत. कुकरची शिट्टी, दाराची बेल, चिमण्या, सगळं गेलं. जवळ बसून कुणी मोठ्यानं बोललं तर समजतं. जाड आवाज मात्र पायांतून वर चढतो. मुकुंदवाडी स्टेशनात मालगाडी शिरली की मला बाजेवर पडल्या पडल्या कळतं, आणि मागच्या खोलीत माझी नात सोनिया ड्रम वाजवायला बसली की तेही कळतं. ‘घोंगडं’ या बँडची गाणी लोक ऐकतात तशी मी कधी ऐकली नाहीत. कृष्णा छान गातो म्हणतात. गात असेल. माझ्यापर्यंत पोचते ती सोनिया.

ही तिघं कॉलेजात भेटली. कृष्णा फुलंब्रीच्या शेतकऱ्याचा मुलगा, गिटार पाठीला बांधून मोटारसायकलवर यायचा. सत्यम जाड तारांची गिटार वाजवायचा आणि कॉम्प्युटरवर गाणी रेकॉर्ड करायचा. वाजवायला जागा नव्हती, म्हणून मी मागची खोली दिली. आठवड्यात शेजारच्या द्वारकाबाई आल्या. भांडायला नव्हे, पण त्यांच्या फडताळातली भांडी आपोआप खाली येत होती.

सत्यम म्हणाला, भिंतींना आवाज खाणारं काहीतरी लावावं लागेल. तो फोनवर कसले कसले स्पंज दाखवू लागला. मी ट्रंक उघडली. आमची माणसं मेंढरं राखणारी. देवगाव रंगारीला माझ्या वडिलांनी घरच्या मेंढरांच्या लोकरीची घोंगडी विणून घेतली होती, एक माझ्या लग्नात, पुढं प्रत्येक बाळंतपणात एकेक. कडुलिंबाचा पाला घालून मी ती जपली होती.

कृष्णानं लगेच हातोडी आणि खिळे काढले. मी हातोडी काढून घेतली. घोंगडीवर आम्ही देव मांडतो, तिच्यावर पंच बसतात, तिला खिळा मारत नाहीत. मी काठाला सुताचे फासे शिवले आणि पडद्यासारखी सगळी दांडीला टांगली. दुसऱ्या दिवशी द्वारकाबाईंनी विचारलं, आज पोरं आली नाहीत का? पोरं त्या वेळी आत जीव तोडून वाजवत होती.

पहिला अल्बम त्या उन्हाळ्यात झाला. पंख्याचा आवाज गाण्यात येतो म्हणून पंखा बंद, चारी बाजूंनी लोकर. पोरं घामानं निथळून बाहेर यायची आणि अंगाला मेंढरांचा वास यायचा. तो वास मला माहेरचा. मी त्यांना ताक द्यायची. अल्बम आज होईल, उद्या होईल असं चाललं, तेव्हा द्वारकाबाईंनी टोमणा मारला, “सारजाबाई, तुमच्या पोरांचं भिजत घोंगडं कवा वाळणार?” पोरं इतकी हसली की बँडला नाव मिळालं. पुढं पुण्यात, नाशकात त्यांचे कार्यक्रम झाले. पहिल्या अल्बमच्या चित्रावर माझ्या हातचे फासे आहेत.

मग मुंबईच्या एका कंपनीनं दुसरा अल्बम त्यांच्या स्टुडिओत करायचं ठरवलं. बोलणी कृष्णाशी व्हायची. तो येईनासा झाला. सोनिया तारीख विचारायची, तो म्हणायचा, कळवतील. तिला पुण्यात नोकरी चालून आली होती. अल्बमसाठी तिनं ती थांबवून ठेवली होती, पण आता तिकडचे लोक सोमवारपर्यंत उत्तर मागत होते. पोरगी दिवसभर ठेके बसवत होती आणि फोनकडं बघत होती.

शनिवारी दुपारी मी तिघांना चहाला बोलावलं. दांडीवरचं एक घोंगडं उतरवलं आणि खोलीच्या मधोमध अंथरलं.

“आजी, पंचायत हाय का काय?” सत्यम म्हणाला.

“व्हय. बसा.”

घोंगडीवर बसून खोटं बोलायचं नसतं, हे पहिल्याच वर्षी मी पोरांना सांगितलं होतं. सत्यम बसला. सोनिया बसली. कृष्णा दाराला टेकून उभा राहिला.

“बस की रं किसना.”

“नगं आजी. पँट मळकी हाय.”

“घोंगडीला मळ दिसत नाय.”

तो उभाच राहिला, आणि तिथंच सोनियाला कळलं. तिनं कप खाली ठेवला. मग कृष्णा पुढं आला, चप्पल काढली आणि अगदी काठावर बसला.

“कंपनीला ड्रमवर दुसरं माणूस पाहिजे,” तो म्हणाला. “हिचा ठेका जत्रेतला वाटतो म्हणं.”

“मग तू काय म्हणलास?” सोनियानं विचारलं.

“बघू म्हणलो. दोन महिने झाले. तुला सांगायला तोंड होईना.”

“जत्रेतलाच हाय तो. आज्यानं शिकवलाय.” कडूबा, माझे मालक, गावच्या जत्रेत ढोल वाजवायचे. सोनिया लहान असताना तिला पत्र्याच्या डब्यावर बसवून शिकवायचे. “त्यांना काय पाहिजे ते कळलं. तुला कोणता ठेका पाहिजे?”

कृष्णा मान खाली घालून काहीतरी बोलला. हळू बोलला, त्यामुळं मला ऐकू आलं नाही. मी सत्यमकडं पाहिलं, तो घोंगडीची दशी पिळत होता. सोनिया उठली. मला वाटलं, ही आता बाहेर जाणार, आणि ही खोली पुन्हा गप्प होणार.

ती ड्रमपाशी गेली. माझ्या तळव्यांत पहिला ठोका आला, मग दुसरा. कृष्णानं फोन कानाला लावला, काही बोलला, तो खिशात ठेवला आणि गिटार उचलली.

कृष्णानं कंपनीला नाही म्हणून कळवलं होतं; दुसरा अल्बम याच खोलीत झाला. पुण्याची नोकरी सोनियानं नाकारली, इथंच शाळेत लागली. कृष्णाशी काही दिवस ती कामापुरतंच बोलली, ते बरोबरच होतं. शेवटच्या गाण्याच्या सुरुवातीला नुसता ड्रम आहे, बराच वेळ. ऐकणाऱ्यांना तो लांबलेला वाटतो म्हणे. मी कृष्णाला विचारलं, तर तो माझ्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाला, “तेवढं तुमचं हाय, आजी.”

माझ्या वडिलांनी लेकीला थंडी वाजू नये म्हणून घोंगडी दिली होती. मी त्यांचे उपकार मानते, आणि या पोरांचेही. गाणं लागलं की मी चप्पल काढून बसते.