गुरुजींना फाळके मिळाला

लक्ष्मणराव शाळांचे केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या बायकोला, सुमित्राबाईंना वाटलं, आता हे जरा शेतीकडे पाहतील. पण त्यांनी आधी दादासाहेब फाळक्यांचं चरित्र वाचलं आणि करडीच्या त्या घरात सिनेमा शिरला.

फाळक्यांनी या देशात सिनेमा उभा करताना काय काय सोसलं, ते लक्ष्मणराव जेवताना सांगत. फाळक्यांच्या पत्नीने अख्ख्या मंडळींचा स्वयंपाक एकटीने केला, हा भाग त्यांना विशेष प्रिय होता. तो ते नेमका दुसऱ्यांदा भात वाढून घेताना सांगत. फाळके विलायतेला जाऊन ती विद्या शिकले, काम करता करता डोळे अधू करून बसले, ती पानं मात्र त्यांच्या पुस्तकातून कुणीतरी फाडून नेली असावीत.

मग लक्ष्मणरावांनी स्वतःच फिल्म काढली. मोबाइल काठीला बांधला, काठी धानाच्या बांधीत रोवली. विषय वृक्षसंवर्धन. लेखक तेच, दिग्दर्शक तेच, नायकही तेच. नायिका मिळेना, म्हणून सुमित्राबाई. गावचे पुढारी भय्याजी आणि शेतकरी परसराम यांच्या बांध्यांमधल्या धुऱ्यावर, म्हणजे हद्दीच्या बांधावर, मोहाचं एक मोठं झाड होतं. त्याला मिठी मारून सुमित्राबाईंनी रडायचं होतं. मोहावर मुंगळे होते, त्यामुळे रडणं अगदी जिवंत आलं.

“वा, काय अभिनय करून राहिली तू,” लक्ष्मणराव म्हणाले.

फिल्म त्यांनी ओळखीच्या प्रत्येकाला पाठवली. प्रत्येकाने अंगठा पाठवला. पाहिली कुणीच नाही.

दोन वर्षं उलटली आणि नागपूरहून फोन आला, की आपली फाळक्यांच्या नावाच्या पुरस्कारासाठी निवड झाली आहे. सरकार दरवर्षी दिल्लीत देतं, ज्यासाठी माणसाची हयात सिनेमात जावी लागते, तो हा नव्हे. हा कुठल्याशा मंचाचा होता आणि मंचाचं मन फार मोठं होतं. सुमित्राबाई सोबत गेल्या होत्या. सभागृह गच्च भरलेलं पाहून त्यांना आधी कौतुक वाटलं. मग एकेक रांग उठून मंचावर जाऊ लागली तेव्हा कळलं, की हे प्रेक्षक नाहीत, हे सगळे मानकरी आहेत. एक योगशिक्षक होते, एक टाइल्सचे व्यापारी होते, एक दातांचे डॉक्टर होते. प्रत्येकाने आपापल्या परीने भारतीय सिनेमाची सेवा केली होती. ज्यांना अजून मिळाला नव्हता ते घाईत होते आणि ज्यांना मिळाला होता ते फोटो काढत होते. टाळ्या वाजवायला मोकळ्या अशा सुमित्राबाईच काय त्या उरल्या.

गावात बातमी पोचली ती एवढीच, की गुरुजींना फाळके मिळाला.

“दिल्लीचा नोहे म्हणून सांगून टाका न लोकायले,” सुमित्राबाई म्हणाल्या.

“कोणी विचारलं तं सांगतो. खोटं तं मी बोललोच नाई.”

आणि करडीत कुणी असलं अभद्र काही विचारत नाही.

सत्कार समिती निघाली. अध्यक्ष अर्थातच भय्याजी, कारण त्यांच्याशिवाय गावात समिती निघत नाही. फ्लेक्सवर भय्याजी दाराएवढे, लक्ष्मणराव खिडकीएवढे आणि फाळके कोपऱ्यात, ओळखपत्रावरच्या फोटोएवढे. शाल झाली, नारळ झाला. भय्याजींनी झाडांवर हृदयस्पर्शी भाषण केलं आणि भाषणाच्या भरात म्हणाले, “आपली करडी तं सिनेमात आली. लावा न फिल्म, आत्ताच पाहू सारे.”

ग्रामपंचायतीच्या सभागृहात पांढरी चादर बांधली गेली. लक्ष्मणराव चादरीवर बराच वेळ चालत राहिले. लोकांनी जांभया दिल्या. मग मोह आला आणि त्याला बिलगलेल्या सुमित्राबाई आल्या. बाया पदर तोंडाला लावून हसू लागल्या.

“थांबवा जरा,” मागून परसराम उठून म्हणाला.

भय्याजींनी मागच्या उन्हाळ्यात तो मोह तोडला होता आणि ट्रॅक्टर घालून धुरा परसरामच्या बांधीत सरकवला होता. तालुक्याला, मोहाडीला तहसीलदारापुढे प्रकरण चालू होतं. भय्याजींचं म्हणणं होतं, की तिथे झाड कधी नव्हतंच, आणि धुरा आहे तिथेच होता. साक्षीला गावातून कुणी गेलं नव्हतं. उरलेल्या गावाला अचानक विसर पडला होता.

“भय्याजी, हा मोह कोन्त्या धुऱ्यावर उभा हाय?”

“सिनेमा हाय तो,” भय्याजी शांतपणे म्हणाले. “सिनेमात काय, कुठलंही झाड दाखवते. सांगा न गुरुजी.”

सगळ्या माना लक्ष्मणरावांकडे वळल्या. त्यांनी अंगावरची शाल नीट केली. सत्कार भय्याजींनी घडवला होता, शालही भय्याजींचीच होती. “कसं आहे, दिग्दर्शकाले कल्पनेचं स्वातंत्र्य असते...” त्यांनी सुरुवात केली.

सुमित्राबाई उठल्या. आयुष्यात त्या सभेत कधी बोलल्या नव्हत्या.

“झाड खरं होतं,” त्या म्हणाल्या. “याच धुऱ्यावर होतं. मले त्याचे मुंगळे डसले.”

कुणी हसलं नाही. कोपऱ्यातली कुंताबाई म्हणाली, “माही माय बी तं त्याच मोहाची फुलं वेचत होती.” मग तेजरामला आठवलं, मग आणखी दोघांना. विसर जसा एकदम पडला होता, तसा एकदम सरला. भय्याजी फोन आल्यासारखे बाहेर गेले ते परत आले नाहीत.

परसरामने पुरावा म्हणून दिलेली ती फिल्म तहसीलदार साहेबांनी तीनदा पाहिली, मध्ये मध्ये थांबवून पाहिली. दिग्दर्शनावर दोन शब्द येतील म्हणून लक्ष्मणराव खुर्चीच्या टोकावर बसून राहिले. साहेब म्हणाले, “झाड स्पष्ट आहे. पण हे गृहस्थ सारखे धुऱ्याच्या आड का येतात?”

धुरा मूळ जागी गेला. परसरामने घरी येऊन सुमित्राबाईंच्या पाया पडून शेतातला भाजीपाला दिला. लक्ष्मणरावांना तो नुसता “येतो गुरुजी” म्हणाला. लक्ष्मणराव मात्र गावभर सांगत फिरले, की साहेबांना फिल्म इतकी भावली की तीनदा पाहिली.

ते बाहेर गेले असताना एका दुपारी सुमित्राबाईंनी मोबाइलवर फिल्म लावली. नवऱ्याचं चालणं पुढे ढकललं आणि मोहापाशी थांबल्या. आपलं रडणं चांगलं उतरलंय, असं त्यांना वाटलं. त्यांनी तेवढंच पुन्हा पाहिलं आणि घरात कुणाला त्यातलं काही सांगितलं नाही.